राखणदाराला हाक

त्या वर्षी माझ्या नवऱ्याला सकाळी चहाच्या आधी एक उत्तर लागायचं. मी डोळे उघडले की गौरेश उशाशी बसलेला असायचा. केस विस्कटलेले, चष्मा कपाळावर, आणि आवाज अगदी देवळात बोलल्यासारखा हळू.

"वास इलो?"

"नाय," मी म्हणायचे.

मग तो एवढा मोठा श्वास सोडायचा की मच्छरदाणी हलायची. चहा ठेवायचा, शीळ घालायचा, खाली जाऊन लेथ चालू करायचा. दिवस सुरू झाला हे मला त्या लेथच्या घरघरीवरून कळायचं.

आम्ही सावंतवाडीच्या चितारआळीत राहतो. तो लाकडाची फळं कातून काढतो आणि मी ती रंगवते. आंबा, पेरू, सीताफळ, मिरचीसुद्धा. येणारे प्रवासी फळ हातात घेतात, नकळत नाकाशी नेतात आणि स्वतःशीच हसतात. रंगाच्या जोरावर डोळ्यांना फसवता येतं, नाकाला नाही, असं मी नेहमी म्हणायचे. पुढे माझंच आयुष्य नाकाच्या शेंड्यावर येऊन उभं राहील असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले, तेही आधीपेक्षा कुरळे. शेवटच्या तपासणीनंतर डॉक्टर परुळेकर म्हणाल्या, "रसिकाताई, रोग थांबलाय. गेलाय असं मात्र मी इतक्यात म्हणणार नाही." गौरेशने यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. माणूस चांगला आहे, पण त्याच्या कानांना आवडनिवड आहे.

कुडाळजवळच्या त्या हॉस्पिटलात तेव्हा नवी सोय सुरू झाली होती. गाठ शरीरात कुठेही वाढत असली, अगदी मोहरीएवढी असली, तरी तिच्या मेलेल्या पेशींचे तुकडे रक्तात वाहत असतात. त्या तुकड्यांवर त्या गाठीची स्वतःची खूण असते. डॉक्टरांनी माझ्याच कातडीतल्या थोड्या पेशी घेतल्या, प्रयोगशाळेत त्यांना माझ्या गाठीची खूण शिकवली आणि पुन्हा माझ्या डाव्या दंडात, कातडीखाली, रोप लावावं तशा लावल्या. त्या पेशींना खुणेचा तुकडा भेटला की त्या एक सुगंधी द्रव्य तयार करतात. ते रक्तातून फुप्फुसात जातं आणि श्वासाबरोबर आतूनच नाकाला भेटतं. शेजारी बसलेल्याला काही कळत नाही. वास फक्त ज्याचा त्याला येतो.

आणि तो आधी स्वप्नात येतो. जागेपणी नाकाला फोडणी, डिझेल, शेजारणीची अगरबत्ती अशी शंभर कामं असतात. झोपेत बाहेरचं दार लोटलेलं असतं, त्यामुळे आतून आलेली एवढीशी झुळूकसुद्धा स्वप्नात शिरते. म्हणून सकाळी उठल्या उठल्या स्वप्न आठवायचं, त्यात तो वास होता का ते बघायचं आणि असेल तर सरळ हॉस्पिटल गाठायचं.

सरकारी कागदावर या पेशींचं नाव 'पहारापेशी' होतं. ते कुणाच्या जिभेवर बसेना. आमच्याबरोबर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सगळं समजून घेतलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "म्हणजे आपलो राखणदारच मा!" झालं. आठवड्याभरात नर्स, शिपाई, डॉक्टर सगळेच राखणदार म्हणायला लागले.

आमच्याकडे हे नुसतं नाव नाही. प्रत्येक मळ्याला, ओढ्याच्या प्रत्येक वळणाला एक राखणदार असतो. तो दिसत नाही. रात्री घुंगरांची काठी आपटत हद्दीवरून फिरतो, चुकलेल्या माणसाला वाटेला लावतो. तो झोपत नाही, मरत नाही, आणि त्याला उगाच हाक मारायची नसते. हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलो आहोत. त्यामुळे दंडात राखणदार बसवलाय म्हटल्यावर गौरेशला जी शांत झोप लागली, ती कुठल्याच रिपोर्टने लागली नव्हती. त्या नावाने आमचं निम्मं काम सोपं केलं आणि निम्मं बिघडवलं.

वास आपला आपण निवडायचा होता. रोजच्या जगण्यात कधी न भेटणारा निवडा, असं हॉस्पिटलात बजावलं होतं. बारीक बाटल्या हुंगता हुंगता मी देवदारापाशी थांबले. लाकडात आयुष्य गेलं, पांगारा, आंबा, फणस सगळं हाताखालून गेलं, पण हे लाकूड मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. थंड, गोडसर, लांबचा वास होता तो. गौरेशला त्यातला 'देव' आवडला.

पहिल्या वर्षाच्या तपासणीला आम्ही हौसेने गेलो. इतर तपासण्या झाल्यावर प्रतिसाद चाचणी असते. गाठीच्या खुणेची खोटी नक्कल, अगदी निरुपद्रवी, सुईने रक्तात सोडतात आणि तुम्हाला दुपारी मऊ उजेडाच्या खोलीत झोपवतात. राखणदार जागा असेल तर तो फसतो आणि ओरडतो. मग तुम्हाला वास येतो. दुसऱ्या दिवशी ती नक्कल विरघळून जाते.

मी झोपले आणि मला मोती तलाव दिसला. काठाने उंच, काळसर हिरवी झाडं उभी होती, मी कधी न पाहिलेली. त्यांच्या फांद्यांवरून पांढरं काहीतरी सावकाश खाली येत होतं. कापूस असेल असं वाटलं, मग कळलं की बर्फ आहे. आमच्या सावंतवाडीत बर्फ! मी तळहात पुढे केला. सगळा आसमंत देवदाराने भरला होता, इतका की मी श्वास घ्यायला नको, तो वासच मला आत घेत होता. इतकं सुंदर स्वप्न मला आजारपणाच्या आधीही कधी पडलं नव्हतं.

जागी झाले तेव्हा मी हसत होते. "इलो," मी गौरेशला म्हटलं.

त्याला सगळं आधी समजावून सांगितलेलं होतं. आज वास यायलाच हवा, आला की चांगलं, हे त्याने मान डोलावत ऐकलं होतं. तरी तो शब्द ऐकल्यावर त्याचा चेहरा पिठासारखा झाला. तो खुर्चीत बसला आणि उठेचना. घरी जाताना गाडी आपली आपण चालत होती, नाहीतर आम्ही त्या दिवशी ओढ्यातच गेलो असतो. पुढे बरेच दिवस तो दचकून उठायचा आणि माझ्या दंडावर हात ठेवून बसायचा.

"राखणदाराक उगाच कित्याक उठवचो?" तो म्हणाला. "नीट बसलेलो तो. आपण जावन तेका फसवलो. असा कोण करता?"

दुसऱ्या वर्षी तपासणीचं बोलावणं आलं तेव्हा त्याने ते मला दाखवलं आणि मग जणू ते आलंच नाही असं वागायला लागला. सीझन आहे, मालाची मागणी आहे, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात आणखी काही. मीही हट्ट धरला नाही. स्वप्नं स्वच्छ होती, अंगात जोर होता, आणि रोज सकाळी 'नाय' म्हणताना मला स्वतःलाच धनलाभ झाल्यासारखं वाटायचं.

डॉक्टरांनी फोन केला. तो गौरेशने घेतला.

"ती बरी आसा, डॉक्टर. वास अजिबात येणा नाय."

"वास येत नाही म्हणूनच बोलावतेय," पलीकडून आवाज आला. "त्या पेशी कायमच्या नसतात हो. शरीर त्यांना हळूहळू संपवतं. काहींच्या दोन वर्षं टिकतात, काहींच्या वर्षभरात जातात. पहारेकरी गप्प आहे, म्हणजे चोर नाही, की पहारेकरीच नाही, हे घरी बसून कसं कळणार?"

"बघतंय," म्हणत गौरेशने फोन ठेवला आणि मला सांगितलं, "राखणदार मरतत म्हणता! शिकलेल्या माणसांका काय सांगतलंस?"

मी हसले. पण ते वाक्य मनातून जाईना. पेरूला हिरवा हात देताना हात थांबायचा. मी दंड चाचपायचे. तिथे काय कळणार होतं!

भात घरात आल्यावर माजगावच्या मळ्यात आमची राखण असते. राखण म्हणजे त्या मळ्याच्या राखणदाराला वर्षाचा मान द्यायचा. बांधावरच्या किंजळीच्या झाडाखाली एक दगड आहे, त्याच्यापुढे नारळ, विडी, कोंबडा. पूर्वी बायका जात नसत, आता कोण विचारतो! मी हळद-तांदळाचं ताट घेऊन बांधावर उभी होते. कोवळं ऊन होतं. कापलेल्या शेतावर धुक्याचा एक पट्टा अजून लोळत होता, आणि त्यात गौरेश गुडघ्यापर्यंत बुडालेला दिसत होता.

त्याने हात जोडले आणि मोठ्याने हाक घातली, "बा राखणदारा, म्हाराजा! वर्साची तुझी राखण घेवन इलंय. हय आसस मा? ऐकतंस मा?"

हाक धुक्यातून पलीकडच्या डोंगराला गेली. मी लग्न होऊन आल्यापासून हे ऐकत आले होते. पण त्या दिवशी ते शब्द मला पहिल्यांदा ऐकू आले.

"गौरेश," मी विचारलं, "तो हय आसा ता तुका म्हायत आसा. मगे दर वर्सा विचारतंस कित्याक?"

"म्हणजे?" तो नारळ सोलता सोलता थांबला. "विचारूचाच लागता. वर्सात एकदा तरी हाक मारूची, मान देवचो. नायतर तेका वाटता, हय कोण ऱ्हवणाच नाय. मगे तो उठान जाता."

"जाता?"

"जाता तर. खालच्या वाडीतल्या मळ्याचो नाय गेलो? तेंनी राखण सोडली."

"मगे माझ्या राखणदाराक कोण हाक मारतलो?"

त्याच्या हातातला नारळ तसाच राहिला. धुकं सरकत होतं, एक बगळा उतरला, चालला, उडाला. तो माझ्याकडे बघेना.

"उगाच हाक मारू नये, ह्या खरा," मी म्हटलं. "पण ही उगाच काय? ही वर्साची."

"आणि हाक मारली नि थयसून भलताच काय इला तर?" त्याचा आवाज फाटला. "तर मी काय करू, रसिका?"

दोन वर्षांत त्याने हे पहिल्यांदा तोंडाने म्हटलं होतं. मला त्याची इतकी दया आली आणि इतकी माया दाटली, की ताट बांधावर ठेवून मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हाक नाय मारली तर येवचा ता थांबतला?"

त्याने नारळ फोडला, पाणी दगडावर सोडलं आणि राखणदाराला घालायचं उरलेलं गाऱ्हाणं तोंडातल्या तोंडात पुरं केलं. घरी आल्यावर हॉस्पिटलला फोन मात्र त्यानेच लावला.

पुन्हा ती मऊ उजेडाची खोली. खिडकीला फिकट निळा पडदा, कुठेतरी पाणी पडल्यासारखा यंत्राचा आवाज. डॉक्टर परुळेकरांनी स्वतः सुई टोचली. रागावल्या नाहीत. "झोपा आता," एवढंच म्हणाल्या. गौरेश उशाशी खुर्ची ओढून बसला आणि त्याने माझा हात धरला. मी डोळे मिटले तेव्हा मनात देवदारालाच बोलावत होते. ये, या वेळी ये, घाबरणार नाही आम्ही.

स्वप्नात मी आमच्या दुकानात होते. फळ्यांवर फळं मांडलेली होती, आणि ती खरी होती. पेरू उललेले, आंब्यांच्या देठाशी चीक. मी एक पेरू नाकाशी नेला. काही नाही. आंबा नेला, अननस नेला. काहीच नाही. मी बाहेर आले, तलावाकडे गेले. काठ मोकळा होता. झाडं नव्हती, माणसं नव्हती, पाणी आरशासारखं गप्प. मी हाक मारली. ओरडताना गळ्याच्या शिरा ताणल्या हे मला जाणवत होतं, पण हाक पाण्यावरून गेली ती गेलीच. मग मी त्या रिकाम्या काठाने चालत राहिले, आणि गंमत म्हणजे मला भीती वाटत नव्हती. फार एकटं वाटत होतं.

डोळे उघडले. पडद्यावर दुपार पिवळी झाली होती. गौरेश माझ्यावर वाकलेला होता.

"वास इलो?"

"नाय," मी म्हटलं.

आणि त्याने तो श्वास सोडला! तोच, मच्छरदाणी हलवणारा. सवय म्हणजे सवय. तोंडभर हसला, खुर्ची मागे सारली आणि म्हणाला, "थांब, च्या घेवन येतंय." तो दारापर्यंत गेलासुद्धा. मला वाटलं, जाऊ द्यावं. एवढा चहा तरी त्याला सुखाने आणू द्यावा.

"गौरेश," मी म्हटलं. "आज 'नाय' म्हणजे बरा नाय."

तो दारात उभा राहिला. हसू तोंडावर तसंच होतं, कुणीतरी काढायला विसरल्यासारखं. मग ते हळूहळू उतरलं. तो परत आला, खुर्चीवर न बसता जमिनीवरच बसला आणि त्याने माझ्या दंडाला कपाळ टेकलं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दंडात आता कुणी नव्हतं. कधीपासून, ते सांगता येत नव्हतं. आम्ही ज्या ज्या सकाळी शीळ घालत उठलो, त्यांतल्या कितीतरी सकाळी पहाऱ्यावर कुणी नसताना गेल्या होत्या. त्याच दिवशी हाताने तपासणी झाली, स्कॅन झालं, रक्त गेलं. संध्याकाळी त्यांनी आम्हाला समोर बसवून पडद्यावर एक ठिपका दाखवला. काखेत, जुन्या व्रणाजवळ, तांदळाच्या दाण्याएवढा.

"हा परत आलाय," त्या म्हणाल्या. "पण लहान आहे आणि एकटा आहे. काढता येईल. आणखी सहा महिन्यांनी आला असतात, तर आपलं हे बोलणं वेगळं झालं असतं."

मला रडू आलं नाही. मला त्या ठिपक्याचा राग आला. आमच्या घरात, माझ्या अंगात, रोज सकाळच्या त्या 'नाय'च्या आड बसून हा वाढत होता.

"राखणदाराचा नाव मी पुढे केलंय, डॉक्टर," गौरेश एकदम म्हणाला. तो पडद्याकडे बघत होता. "ती येवक तयार होती. खरा म्हणजे मीच भियालंय."

"सगळेच भितात," परुळेकर म्हणाल्या. "मी दर वर्षी माझी स्वतःची तपासणी करून घेते ना, तेव्हा आदल्या दिवशी मला जेवण जात नाही. भीत भीत यायचं. पण यायचं."

ऑपरेशन झालं. औषधं झाली, या वेळी कमी. केस पुन्हा गेले आणि गौरेशने दुकानातला सगळ्यात गुळगुळीत पेरू माझ्या डोक्याशेजारी ठेवून विचारलं, कुठला जास्त चकाकतो सांग. मी त्याला ब्रश फेकून मारला. डॉक्टरांना मी बांधावरची हकिगत सांगितली होती. पुढे हॉस्पिटलच्या फलकावर एक नवी ओळ आली: 'राखणदाराला वर्षातून एकदा हाक मारा.' ही ओळ आपली आहे असं गौरेश येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. माझं नाव घेत नाही.

जखम भरली, रक्त स्वच्छ आलं, तेव्हा दंडात नवे राखणदार लावले. त्यांनी मूळ धरल्यावर पुन्हा चाचणीचा दिवस आला. गौरेशने पहाटेच उठून देवाला फूल वाहिलं, घराला कुलूप लावलं आणि मग किल्ली आतच राहिली म्हणून खिडकीतून चढला. सुई टोचताना मी तिकडे बघितलं नाही, त्याच्याकडे बघितलं. भर गर्दीत एकटाच उभा असल्यासारखा तो दिसत होता.

मी झोपले.

आधी नुसता पांढरा उजेड होता. मग तो उजेड तुकड्यातुकड्यांनी खाली यायला लागला. चितारआळीच्या कौलांवर, लेथवर, गौरेशच्या शर्टाच्या खांद्यांवर बर्फ बसत होता, आणि तो आपला कसलंसं फळ कातत होता. लाकडाची लांब, पातळ ढलपी निघून जमिनीवर वेटोळी पडत होती. मी विचारलं, कुठलं लाकूड आणलंस? त्याने वर न बघता ती ढलपी माझ्या हातात दिली. थंड, गोडसर, लांबचा वास. आळीच्या दोन्ही बाजूंनी ती काळसर हिरवी झाडं आता उभी होती, इतकी उंच की शेंडे दिसत नव्हते, आणि त्यांच्यामधून कुणीतरी काठी आपटत सावकाश चालत होतं. घुंगरं वाजत होती. मी मागे वळून बघितलं नाही. बघायची गरज वाटली नाही.

जागी झाले तरी वास नाकात होता. मी तो पोटभर आत घेतला. पडदा हलत होता. डॉक्टर काचेपलीकडून माझ्याकडे बघत होत्या. मी मान डोलावली, आणि त्यांनी डोळे मिटून उघडले.

मग मी उशाशी बघितलं. गौरेश खुर्चीत झोपला होता. मान एका बाजूला, तोंड उघडं, चष्मा छातीवर घसरलेला. मी आजारी पडल्यापासून माझ्याआधी तो कधी झोपलेला नव्हता आणि माझ्यानंतर कधी उठलेला नव्हता. त्याला असा झोपलेला मी विसरूनच गेले होते. डॉक्टर आत यायला निघाल्या, तसं मी ओठांवर बोट ठेवून त्यांना दारातच थांबवलं.

बातमी चांगली होती. ती थोडा वेळ थांबू शकत होती.